प्रकाश घेतो कोण? लेसर आणि शरीर यांच्या संबंधाचा इतिहास



मुर्धा गावात आज लेसरवर बोलायचं आहे, आणि तेही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने. हा विषय आम्ही का घ्यावा, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. कारण असं, की 'लेसर' हा शब्द आपल्याकडे आता एखाद्या औषधाच्या नावासारखा वापरला जातो. मूळव्याध, मुतखडा, चष्म्याचा नंबर, नको असलेले केस, तरुणपणी हौसेने काढून घेतलेलं गोंदण. कशावरही उपचाराची पाटी असो, तिच्यावर हा शब्द असतोच. आपणही डॉक्टरांना आधी तेच विचारतो, "लेसरने होईल ना?" 'हो' असं उत्तर आलं की जीव भांड्यात पडतो. एका शब्दावर एवढा विश्वास बसत असेल, तर त्या शब्दाच्या पोटात काय आहे ते तपासायला हवं, आणि शब्द तपासणं हे आमचं कामच.

तर प्रश्न असा ठेवू या. प्रकाश अंगावर पडतो, मग मांस कापलं जातं, रक्त थांबतं, बुबुळाचा आकार बदलतो. हे कसं होतं? माणसाला याचं उत्तर एकदम सापडलेलं नाही. ते टप्प्याटप्प्याने सापडलं, आणि त्यातल्या एका मोठ्या टप्प्याचा धागा आपल्या बारामतीपर्यंत येतो.

सुरुवात मात्र लेसरच्या फार आधीपासून करावी लागेल. डाग देऊन रोग बरा करणं हा प्रकार जगभर जुना आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्मावर एक सबंध अध्याय आहे. त्यात भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. नुसतं होरपळलं ते प्लुष्ट. फोड येऊन आग होते ते दुर्दग्ध. जेवढं हवं तेवढंच भाजलं ते सम्यग्दग्ध. आणि हाताबाहेर गेलं, मांस लोंबायला लागलं, ते अतिदग्ध. बघा, वैद्याची सगळी कसोटी तिसऱ्या प्रकारात आहे. अग्नी लावणं कुणालाही जमतं. तो नेमका कुठे थांबवायचा, हा खरा प्रश्न. पुढे जे जे सांगणार आहोत ती या 'सम्यक्' शब्दाचीच गोष्ट आहे.

आता आपण एकदम 1945 सालात आणि जर्मनीत जाऊ. त्या वर्षी 9 जुलैला युरोपात सूर्यग्रहण झालं. ते उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, भाजल्याची जखम झालेला एक रुग्ण गेर्ड मायर-श्विकेराथ या नेत्रवैद्याच्या पाहण्यात आला. असे रुग्ण त्याआधीही डॉक्टरांनी पाहिले होतेच. या गृहस्थांनी मात्र प्रश्न उलटा केला. ऊन पडद्याला भाजू शकतं, तर सुटू पाहणारा पडदा जागच्या जागी चिकटवायलाही ते वापरता येईल का? 1940च्या दशकाच्या अखेरीस हॅम्बुर्गमध्ये त्यांनी आरशांनी सूर्याचा किरण आत आणून रुग्णांच्या डोळ्यांवर उपचार केले. पण ढग आले की उपचार बंद! म्हणून मग 1950च्या दशकात झाइस कंपनीच्या साथीने झेनॉन दिव्याचं यंत्र तयार झालं. लेसर जन्माला येण्याआधीच प्रकाशाने शस्त्रक्रिया सुरू झालेली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इथे एक कोडं आहे. ऊन डोळ्यात शिरतं ते आधी बुबुळावरच्या पारदर्शक काचेतून, मग भिंगातून, मग आतल्या पातळ गरातून. या सगळ्यांना काही होत नाही आणि सगळ्यात मागचा पडदा भाजतो. असं का?

मुर्धा, राई, मोर्वा या भागातल्या लोकांना याचं उत्तर मिठागराच्या उदाहरणाने सांगता येईल. मिठागराच्या वाफ्यात पाणी उथळ असतं, तळाशी गडद चिखल असतो. उन्हातला जो भाग आपल्याला दिसतो तो स्वच्छ पाण्यातून जवळजवळ तसाच आरपार जातो, तळाच्या काळ्या मातीत मुरतो, आणि माती तापते. उन्हाचा जो भाग डोळ्याला दिसत नाही, ज्याला आपण अवरक्त म्हणतो, त्यातला बराचसा मात्र पाणी वरच्या वरच पिऊन टाकतं. म्हणजे ऊन एकच, पण त्याच्या एका वाट्याला माती घेते आणि दुसऱ्याला पाणी. हे ध्यानात आलं की लेसरचा अर्धाअधिक भाग समजलाच म्हणा.

आपला डोळाही तसाच एक वाफा आहे. पुढचं सगळं पाण्यासारखं पारदर्शक. मागे पडद्याला लागून मेलॅनिन या काळसर रंगद्रव्याचा थर. दिसणारा प्रकाश मेलॅनिन घेतं, तिथे उष्णता होते, आणि आसपासची प्रथिनं गोठतात. साधारण साठ अंश सेल्सियसच्या आसपास हे घडतं. अंड्यातला पातळ पांढरा गर तापल्यावर घट्ट होतो, तशातलाच हा प्रकार.

1917 साली आइन्स्टाइनने कागदावर असं मांडलं होतं, की उत्तेजित अवस्थेतल्या अणूला योग्य प्रकाशाचा धक्का मिळाला तर तो अगदी तसाच प्रकाश बाहेर टाकील. कल्पना प्रत्यक्षात यायला त्रेचाळीस वर्षं गेली. 16 मे 1960 रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. रंग गडद लाल, तरंगलांबी 694 नॅनोमीटर. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1961 मध्ये, न्यूयॉर्कला चार्ल्स कॅम्पबेल आणि चार्ल्स कोस्टर यांनी तो एका रुग्णाच्या दृष्टिपटलावरची गाठ जाळायला वापरला. शोध आणि शस्त्रक्रिया यांत जेमतेम दीड वर्षाचं अंतर! एवढी घाई शक्य झाली, कारण डोळ्याच्या डॉक्टरांना वाट आधीच माहीत होती. दिवा तेवढा बदलला.

लेसरने नवीन काय आणलं? साध्या दिव्याच्या प्रकाशात सगळे रंग मिसळलेले असतात आणि तो चहूकडे पसरतो. लेसरमध्ये जवळजवळ एकच रंग असतो, एकच दिशा असते. त्यामुळे तो अगदी सुईच्या टोकाएवढ्या जागी गोळा करता येतो. आणि रंग एकच असल्याने, तो शरीरातलं कोण घेईल हे आधीपासून ठरवता येतं. मेलॅनिन, रक्तातलं हिमोग्लोबिन, पाणी: शरीरात प्रकाशाची मुख्य गिऱ्हाइकं ही तीन. त्यांच्या आवडीनिवडी निराळ्या.

पाण्याची आवड ओळखणारा किरण ज्याने दिला, त्या माणसाकडे आता वळू.

चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म 2 जुलै 1938 रोजी बारामतीत झाला. पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1958 साली पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले, 1961 मध्ये डॉक्टरेट घेतली आणि बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तोवरच्या वायूच्या लेसरांत अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वापरली जात होती. पटेलांनी विचार केला तो रेणूंच्या कंपनांचा. कार्बन डायऑक्साइडचा रेणू म्हणजे मध्ये एक कार्बन आणि दोन बाजूंना दोन ऑक्सिजन. तो वाकतो, ताणला जातो, थरथरतो. या थरथरण्यात साठवलेली ऊर्जा बाहेर काढली तर बराच जोरदार लेसर मिळेल, असा त्यांचा अंदाज होता. 1964 मध्ये तो खरा ठरला. नायट्रोजनची जोड दिल्यावर त्याची ताकद आणखी वाढली. तरंगलांबी 10.6 मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्याला मुळीच न दिसणारी.

यात शस्त्रक्रियेचा विचार कुठेही नव्हता. प्रश्न रेणूंच्या भौतिकशास्त्राचा होता. पण या किरणाचा एक स्वभाव निघाला: पाणी त्याला आल्या आल्या पिऊन टाकतं. मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढ्या जाडीतच तो जवळपास संपतो. आणि आपल्या मऊ ऊतींमध्ये सुमारे सत्तर टक्के पाणीच असतं. तेव्हा हा किरण मांसावर पडला की पेशींमधलं पाणी क्षणार्धात उकळतं, पेशी वाफेबरोबर उडून जातात, आणि खालचा थर फारसा न भाजता राहतो. कडेच्या बारीक रक्तवाहिन्या उष्णतेने मिटतात, म्हणून रक्त कमी येतं. कापणं आणि डाग देणं ही दोन्ही कामं एकाच वेळी होतात. सुश्रुताच्या 'सम्यक्'ची व्याख्या इथे पाणी करतं आहे, बरं का. कुठे थांबायचं हे सर्जनच्या हाताइतकंच पाण्याने ठरवलेलं आहे.

पहिला मोठा उपयोग झाला तो घशात. 1972 मध्ये बोस्टनच्या स्टुअर्ट स्ट्राँग आणि गेझा याको यांनी स्वरयंत्रावरच्या शस्त्रक्रियांसाठी हा लेसर सूक्ष्मदर्शकाला जोडून वापरल्याचं प्रसिद्ध केलं. स्वरतंतू ही अतिशय नाजूक जागा. तिथे धातूचं हत्यार लागलं की रक्त येतं, सूज येते, आणि आवाजाचा प्रश्न असतो. लांबून, स्पर्श न करता, थराथराने काढणारं साधन तिथे हवंच होतं. अडचणही होती. काच या किरणाला पलीकडे जाऊ देत नाही, त्यामुळे साध्या काचेच्या तंतूतून तो नेता येत नाही. म्हणून सांधे असलेल्या पोकळ दांड्यात आरसे बसवून तो वळवत वळवत आणावा लागला.

हे तंत्रज्ञान आपल्याकडे नुसतं विकत घेतलं गेलं असंही नाही. 1984 साली इंदूरला प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. आज ते राजा रामण्णा केंद्र म्हणून ओळखलं जातं. भाभा अणुसंशोधन केंद्रात लेसरचं काम उभं करणारे डॉ. दिलीप भवाळकर त्याचे संस्थापक संचालक. शस्त्रक्रियेचा कार्बन डायऑक्साइड लेसर देशात बनवण्याचं काम या केंद्रात झालं. म्हणजे बारामतीत जन्मलेल्या माणसाचा शोध अमेरिकेतून फिरून होळकरांच्या इंदुरात आला.

आतापर्यंत आपण 'प्रकाश कोण घेतो' एवढंच विचारलं. दुसरा प्रश्न वेळेचा आहे, आणि तो समजायला डॉक्टरांना आणखी वीस वर्षं लागली.

तव्यावरची भाकरी बोटांनी उलटणारी बाई आपण रोज पाहतो. तिचं बोट तापलेल्या भाकरीला लागतं, पण भाजत नाही. बोट तिथे राहतंच किती वेळ? उष्णतेला आत उतरायला काही अवधी लागतो, त्याच्या आत ती हात काढून घेते. 1983 मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी नेमका हा हिशेब मांडला. तापलेल्या वस्तूला आपली उष्णता शेजाऱ्याला द्यायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा लेसरचा झोत छोटा ठेवा. मग ती वस्तू जळेल आणि शेजारी वाचेल. वस्तू जितकी बारीक, तितका झोत छोटा हवा. केसाच्या मुळासाठी सेकंदाचे काही हजारावे भाग चालतात. गोंदणाच्या रंगाचे कण अतिसूक्ष्म, म्हणून तिथे सेकंदाच्या अब्जाव्या भागातला किंवा त्याहूनही लहान झोत लागतो. त्या धक्क्याने कण फुटतात, आणि तो चुरा शरीराच्या पेशी हळूहळू वाहून नेतात. म्हणूनच गोंदण एका बैठकीत जात नाही.

आता तिसरा टप्पा, आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला सगळ्यात गोड वाटणारा.

आपल्या दर्शनांत एक जुना वाद आहे. कच्चं मडकं आव्यात घातलं की काळसर रंग जाऊन लाल होतं. हा बदल नेमका कुठे होतो? वैशेषिक म्हणाले, परमाणूंत. मडकं आतल्या आत परमाणूंपर्यंत विस्कटतं, परमाणूंचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळतात. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिक म्हणाले, छे, मडकं आपलं आख्खंच राहतं आणि आख्ख्या मडक्यातच बदल होतो. हा पिठरपाक. उष्णता वस्तूच्या कोणत्या पातळीवर काम करते, असा हा वाद आहे. इथे कुणी 'आपल्या पूर्वजांना लेसर माहीत होता' असं म्हणायला लागलं तर त्याला थांबवा. त्यांना लेसर माहीत नव्हता. प्रश्न नीट विचारायचा कसा, हे मात्र माहीत होतं.

हाच प्रश्न 1981 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत नव्याने उभा राहिला. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी जेम्स वाइन व सॅम्युएल ब्लम हे 193 नॅनोमीटरच्या अतिनील एक्सायमर लेसरवर काम करत होते. 27 नोव्हेंबरला, अमेरिकेतल्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनिवासन यांनी जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याचा तुकडा प्रयोगशाळेत आणला आणि त्यावर झोत सोडला. कापल्याच्या कडा स्वच्छ होत्या. हिरव्या लेसरने केलेली खाच मात्र कोळसा झालेली. फरक कशाचा? अतिनील प्रकाशाच्या एकेका कणात एवढी ऊर्जा असते, की तो रेणूंना जोडणारे बंधच तोडतो. तुटलेले तुकडे उडून जातात आणि जाताना बहुतेक उष्णता बरोबर नेतात. पटेलांचा लेसर पाणी उकळवतो, आख्ख्या ऊतीवर काम करतो. तो पिठरपाकाच्या जवळचा म्हणा. श्रीनिवासन यांचा लेसर रेणूच्या जोडावर घाव घालतो. तो पीलुपाकाच्या जवळचा.

यातूनच चष्म्याचा नंबर घालवणारी शस्त्रक्रिया आली. 1983 मध्ये स्टीफन ट्रॉकेल या नेत्रवैद्याने श्रीनिवासन यांच्याबरोबर बुबुळाच्या पारदर्शक पटलावर याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका झोतात मिलिमीटरच्या सुमारे चार हजाराव्या भागाएवढा थर निघतो. इतकं बारीक काम हाताने धरलेल्या पात्याला कसं जमणार?

आता या सगळ्या इतिहासाचं आपल्या रोजच्या जगण्यात काय करायचं, ते सांगतो. कारण इथे खरंच काही गमावण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट, सगळंच लेसर नसतं. मोतीबिंदू 'लेसरने काढला' असं आपण सहज म्हणतो. बहुतेक वेळा तो स्वनातीत कंपनांनी, म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेने, फोडून काढलेला असतो. काही ठिकाणी त्या शस्त्रक्रियेतले छेद लेसरने घेतात, हे खरं. आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कृत्रिम भिंगामागचा पापुद्रा धुरकट झाला, तर त्याला खिडकी पाडायला याग लेसर वापरतात. तेव्हा शब्द ऐकून पैसे मोजण्याआधी नेमकं काय होणार आहे ते विचारावं.

दुसरी गोष्ट कातडीच्या रंगाची. केस काढणारा लेसर केसातल्या मेलॅनिनला शोधत जातो. पण आपल्यासारख्या सावळ्या-काळ्या कातडीत मेलॅनिन वरच्या थरातही भरपूर. त्याला काय कळणार, कोणतं मेलॅनिन केसाचं आणि कोणतं कातडीचं? 755 नॅनोमीटरचा किरण गोऱ्या कातडीवर चांगलं काम करतो, तोच काळ्या कातडीवर बेताल वापरला तर डाग पाडतो. 1064 नॅनोमीटरचा किरण मेलॅनिन कमी घेतं आणि तो खोल जातो, म्हणून गडद कातडीला तो तुलनेने सुरक्षित. 'जगात सगळीकडे चालणारं मशीन' ही जाहिरात ऐकून भुलू नये. मशीन एक असेल, पण घेणारा वेगळा असला की परिणाम वेगळा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती मधुमेही घरांसाठी. आज असं घर विरळाच. मधुमेहाने दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या बिघडतात. पडद्याला प्राणवायू कमी पडला की तिथे नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात, त्यातून रक्त येतं आणि दृष्टी जाते. यावर लेसरने पडद्याच्या कडेच्या भागात शेकडो बारीक डाग देतात. म्हणजे कडेचा काही पडदा जाणूनबुजून मारतात. त्यामुळे प्राणवायूची मागणी घटते, कच्च्या वाहिन्या आकसतात आणि मधली, वाचण्याची, माणसं ओळखण्याची दृष्टी टिकते. अमेरिकेत सतराशेहून अधिक रुग्णांवर हे तपासलं गेलं. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर उपचार, दुसऱ्यावर नाही. 1976 मध्ये निष्कर्ष आला, की उपचार केलेल्या डोळ्यांत दृष्टी गंभीरपणे जाण्याचं प्रमाण निम्म्याहून अधिक घटलं. आता डोळ्यात द्यायची इंजेक्शनंही आहेत, पण लेसरचं काम संपलेलं नाही.

अडचण होते ती आपल्या समजुतीची. 'लेसर' म्हटलं की आपल्याला सुधारणा हवी असते. उपचारानंतर दिसणं वाढत नाही, कधी रात्रीचं किंवा कडेचं थोडं कमीच होतं. मग माणूस म्हणतो, "काही उपयोग झाला नाही," आणि पुढच्या बैठकीला जात नाही. वर्ष-दोन वर्षांत डोळ्यात रक्त उतरतं. हा लेसर कमावून देणारा नाही, उरलेलं राखणारा आहे. एवढं एक वाक्य घरातल्या मधुमेही माणसाला आज रात्री सांगा. आणि दिसायला ठीक असलं तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, कारण बिघाड पुष्कळ पुढे जाईपर्यंत दृष्टी तक्रार करत नाही.

तेव्हा डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आम्ही असे सुचवू. हा प्रकाश माझ्या शरीरातलं काय घेणार आहे? शेजारच्या भागाला किती झळ लागेल? यातून मला मिळणार काय, की असलेलं फक्त टिकणार? आणि लेसरशिवाय हेच काम तितकंच चांगलं होतं का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तर नीट मिळालं, तर खुशाल लेसर घ्या. नुसताच शब्द मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

 आता आपले प्रश्न घेऊ.